मागच्या खोलीतला अडकलेला व्हॉल्व्ह

मी एक जुना पितळी व्हॉल्व्ह आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, आर्ब्रोथ गावात, इझोबेल रीकीच्या घरी, मागच्या खोलीतल्या रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्याला मी बसवलेला आहे. मित्रांनो, रेडिएटर म्हणजे खिडकीखाली भिंतीला टांगलेली पत्र्याची चपटी पेटी. बॉयलरमध्ये तापलेले पाणी नळ्यांतून या पेटीत येते, फिरते, आपली ऊब खोलीला देते आणि परत जाते. त्यातले किती पाणी आत सोडायचे, ते मी ठरवतो. हे काम मी बरीच वर्षे नीट केले. मग मला ते करता येईनासे झाले, आणि त्यापायी दोन बहिणींमध्ये जे घडले, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. ओतीव पितळेचे अंग, आत पोलादाची एक बारीक पिन, पिनेला वर उचलून धरणारी स्प्रिंग, आणि पाणी बाहेर झिरपू नये म्हणून पिनेभोवती रबराची कडी. या सगळ्यावर पांढरे प्लॅस्टिकचे डोके. त्यावर एक ते पाच आकडे आहेत आणि आकड्यांच्या आधी बर्फाच्या फुलाची खूण आहे, म्हणजे जवळजवळ बंद. माझ्या डोक्यात मेण भरलेले आहे. हसू नका. माझी सगळी हुशारी त्या मेणातच आहे. खोली तापली की मेण फुगते, पिनेला खाली दाबते आणि पाण्याची वाट बंद होते. खोली गार झाली की मेण आकसते, स्प्रिंग पिनेला वर ढकलते आणि पाणी पुन्हा वाहू लागते. त्याला वीज लागत नाही, की कुणी येऊन बटण दाबावे लागत नाही.

इझोबेलचा नवरा फर्गस याने मला या घरी आणले, तेव्हा ही खोली त्यांच्या मुलीची, शोनाची होती. माझे ते दिवस फार चांगले गेले. शोना शाळेतून आली की ओले मोजे रेडिएटरवर टाकायची आणि त्याला पाठ टेकून जमिनीवरच अभ्यासाला बसायची. समुद्रावरून दाट धुके आले, की घरातले राखाडी मांजर तिच्या आधी येऊन ती जागा पकडायचे. शोना दिवसातून दोनदा तरी मला फिरवायची. कधी उकडते म्हणून दोनावर, कधी कुडकुडत येऊन एकदम पाचावर. त्या वेळी मला ती कटकट वाटे. पण त्या फिरवण्यामुळेच माझी पिन मोकळी राहत होती, हे मला पुढे कळले. पाहुणे आले की इझोबेल म्हणायची, "मागच्या खोलीत बसा, घरात सगळ्यात उबदार तीच आहे." ते ऐकून मला बरे वाटायचे.

पुढे शोना लग्न करून कॅनडाला गेली. मांजर म्हातारे होऊन गेले. काही वर्षांनी फर्गसही वारला. इझोबेल एकटी राहिली. तिला स्वयंपाकघर आणि समोरची झोपायची खोली पुरे होती. रिकाम्या खोलीत ऊब कशाला घालवायची, असा विचार करून तिने मला बर्फाच्या फुलावर आणून ठेवले आणि दार ओढून घेतले. त्यात तिचे काही चुकले नाही. फक्त त्यानंतर मला कुणी हात लावला नाही.

हिवाळे आले आणि गेले. इस्त्रीचे टेबल, शोनाच्या वह्यांची खोकी, एक मोडका पंखा, असे एकेक सामान माझ्यासमोर येऊन बसले. माझी पिन सतत खाली दाबलेलीच राहिली. नळ्यांतले पाणी जुने होते. त्यात काळा गाळ होता, गंज होता. पिन जिथे रबराच्या कडीतून जाते, तिथे तो थोडा थोडा साचत गेला आणि वाळून दगडासारखा झाला. नेमका कधी अडकलो ते मी सांगू शकत नाही. असे एका दिवसात होत नाही, आणि वापरच नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग एका शरद ऋतूत खोलीचे दार उघडले. खोकी बाहेर गेली. इझोबेलने स्वतः भिंतींना रंग दिला, पलंगावर नवी गादी घातली आणि पार जमिनीपर्यंत पोचणारे जाड, जांभळे पडदे शिवून लावले. तिची धाकटी बहीण नेटा राहायला येणार होती. नेटा उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर राहायची, तिथल्या धक्क्यावर बोटीची तिकिटे विकायची. तिचा नवरा मॅग्नस मासेमारी करायचा. तो गेल्यावर ती एकटीच होती. इझोबेल तिला फोनवर सारखी म्हणायची, "अगं, ये इकडे. दोघी दोन टोकांना एकेकट्या कशाला राहायचं?" शेवटी नेटा आली. बरोबर एक ट्रंक होती आणि बोटीवर उभ्या असलेल्या मॅग्नसचा एक फोटो होता.

पहिले काही आठवडे हवा बरी होती. मग समुद्रावरून बोचरा वारा सुरू झाला आणि नेटाने पडद्यामागे हात घालून मला पाचावर फिरवले. माझ्या डोक्याने त्याचे काम केले. मेण आकसले, डोके वर सरकले. पण पिन त्याच्यामागे उठली नाही. स्प्रिंग तिला ढकलत होती आणि गाळ तिला सोडत नव्हता. बॉयलर सुरू झाला, गरम पाणी नळीतून माझ्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. नेटाने रेडिएटरला हात लावला. तो गार होता. थोड्या वेळाने तिने पुन्हा हात लावला. तरी गारच.

आमच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आहे, आणि नळ्यांतून तिथले बोलणे माझ्यापर्यंत येते. दुसऱ्या दिवशी सकाळी इझोबेल पॉरिज, म्हणजे ओटची लापशी, ढवळत होती.

"झोप लागली का गं?"

"लागली."

"खोली बरी आहे ना?"

"जरा गार वाटते."

"मग लोकरीची जर्सी घाल की. मी पण घातलीय बघ."

इझोबेल शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर काम केलेली बाई. कुडकुडत आलेल्या प्रत्येक पोराला ती हेच सांगत आली होती. ती सहज बोलली आणि विसरून गेली. तिची खोली चांगली तापत होती. मागच्या खोलीत वेगळे काही असेल, हे तिच्या मनातही आले नाही.

नेटा मात्र विसरली नाही. लहानपणी आई कामावर गेली, की कोळशाची बादली इझोबेलच्या ताब्यात असे. शेगडीत किती कोळसा घालायचा, हे ती ठरवायची आणि नेटाने मागितला तर बादलीवर बसून राहायची. नेटाने मनाशी पक्के केले, की इझोबेलने या खोलीची ऊब कुठून तरी बंद करून ठेवली आहे. पुन्हा विचारायचे नाही, असेही तिने ठरवले. ती भारी मानी होती.

मग ती कोट घालून झोपू लागली. पायाशी गरम पाण्याची पिशवी, डोक्याला मॅग्नसची लोकरी टोपी. भिंतीच्या कोपऱ्यात ओल धरली. सकाळी काचेवरून पाणी ओघळून खिडकीच्या फळीवर साचायचे आणि ती ते फडक्याने मुकाट्याने पुसून घ्यायची. दिवसभर ती स्वयंपाकघरात बसे. ट्रंक तिने उघडलीच नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर ती बाई कुडकुडत होती, आणि गरम पाणी माझ्या दारात उभे होते. मला काहीही करता येत नव्हते.

इझोबेलला तिचे वागणे लागत होते. एकदा शेजारच्या डूगलशी कुंपणावरून तिचे बोलणे चालले होते, ते मी खिडकीतून ऐकले. डूगल म्हणजे निवृत्त पोस्टमन. बायको गेल्यापासून एकटा राहणारा.

"ती इथे राहायला आलीच नाहीये रे," इझोबेल म्हणाली. "अंगातला कोट काढत नाही. बसची वाट बघत बसल्यासारखी बसून असते. एवढी खोली सजवली मी, तर दोन कपडे कपाटात लावले नाहीत तिने."

"बेटावरची माणसं," डूगल म्हणाला. "त्यांना आपला गाव मानवत नाही."

डिसेंबर उजाडला आणि नेटाला खोकला धरला. साधा वाटणारा खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि उबेत राहा, असे बजावले. "उबेत राहायला सांगितलंय," एवढेच नेटाने घरी सांगितले आणि इझोबेलच्या तोंडाकडे बघितले. इझोबेलने आणखी एक ब्लँकेट आणून दिले आणि कोंबडीचे सूप करायला घेतले. नेटाला वाटले, हेच तिचे उत्तर, ऊब काही मिळणार नाही.

नाताळ झाला. त्यानंतरच्या एका सकाळी नेटा पलंगावर बसून ऑर्कनीतल्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "कुठे एखादी खोली मिळेल का गं? लहान असली तरी चालेल. उबदार हवी, बाकी काही नको."

इझोबेल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"कोणाशी बोलत होतीस?"

"मी जातेय, इझोबेल. नवीन वर्षाच्या आतच."

"का? काय कमी केलं मी तुला?"

"काही नाही. तुझं घर आहे. कुठल्या खोलीला ऊब द्यायची, कुठल्या नाही, ते तूच ठरवणार."

"म्हणजे काय?"

"तुला माहितीये. तेव्हा कोळशाची बादली होती, आता बॉयलर आहे."

इझोबेलने ट्रे दाणकन खिडकीत ठेवला. "बादली? इतक्या वर्षांची ती बादली तू अजून डोक्यात घेऊन फिरतेस?"

"फिरते! कारण गारठा अजून तोच आहे!"

एवढे ओरडल्यावर नेटाला खोकल्याची उबळ आली. ती वाकली. इझोबेल सगळे विसरून तिची पाठ चोळायला पुढे झाली आणि एकदम थांबली. खोकणाऱ्या नेटाच्या तोंडातून वाफ बाहेर पडत होती. घरातल्या घरात, जशी रस्त्यावर पडते तशी. इझोबेलने रेडिएटरवर हात ठेवला.

"हा गार आहे."

"रोजच असतो."

"रोज? अगं, मग तू हा लावलाच नाहीस."

"पाचावर आहे तो. थंडी पडल्यापासून."

इझोबेलने पडदा बाजूला ओढला आणि गुडघे टेकून माझ्या तोंडाशी वाकली. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. "पाचावरच आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मग नेटाकडे वळली. "मी काहीही बंद केलेलं नाही, नेटा. शपथेवर सांगते. मला त्या बॉयलरचं एक बटण सोडलं तर काही कळत नाही. तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तू म्हणालीस, जर्सी घाल."

इझोबेल गुडघ्यांवरच बसून राहिली. चहावर साय धरली.

मग ती उठली आणि प्लंबरला फोन लावला. सुट्ट्या संपल्याशिवाय कुणी येणार नाही, असे उत्तर मिळाले. "तोवर तू माझ्या खोलीत झोप," ती म्हणाली. "मी सोफ्यावर पडते."

"तुझ्या पाठीचं काय?"

"माझी पाठ मी बघीन."

"काही नको. आधी याला काय झालंय ते आपण बघू."

एवढ्यात मघाचा आरडाओरडा ऐकलेला डूगल मागच्या दाराने आत आला. हातात हातोडा होता. "कोण आलंय घरात? चोर?"

"चोर नाही, रेडिएटर," इझोबेल म्हणाली आणि तिने त्याला सगळे सांगितले.

डूगलने मला चारी बाजूंनी पाहिले. "हातोड्याचा एक दणका हाणू. नाहीच हलला, तर पक्कडीनं आतली पिन उपटून काढतो."

"आणि उपटल्यावर गरम पाणी बाहेर आलं तर?" नेटाने विचारले.

"नाही येत."

"पण आलंच तर?"

डूगल विचारात पडला. "टॉवेल आणून ठेवा," तो म्हणाला.

मित्रांनो, मी तेव्हा खरोखर घाबरलो होतो. माझी पिन जोराने ओढली, की ती उपटून हातात येऊ शकते, आणि मग खोलीभर काळे पाणी होते.

"हातोडा खाली ठेव, डूगल," इझोबेल म्हणाली. "स्वयंपाकघरातल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह चांगला चालतो ना? आधी त्याचं डोकं काढून आत काय असतं ते बघू. चांगला कसा दिसतो ते कळलं, तर बिघडलेलं ओळखता येईल."

तिने बॉयलर बंद केला आणि पाणी निवू दिले. मग दोघी बहिणी स्वयंपाकघरातल्या माझ्या भावापाशी गेल्या. त्याला पाचावर आणून, डोक्याखालची खरबरीत कडी फिरवून त्याचे डोके अलगद उचलले. आत त्याची पिन ताठ उभी होती. नेटाने लाकडी चमच्याच्या पाठीने ती दाबली, तशी ती खाली गेली आणि सोडल्याबरोबर टुणकन वर आली.

"अगं बाई, उडी मारते ही," इझोबेल म्हणाली.

मग त्या माझ्याकडे आल्या. माझी कडी हाताने फिरेना. नेटाने ओल्या फडक्याने घट्ट धरून ती सोडवली. डोके निघाले. माझी पिन खोल रुतलेली होती, भोवती काळपट कडे जमले होते. चमच्याने दाबली तर हलली नाही.

"खालीच बसलीय ही," नेटा म्हणाली. "म्हणून पाण्याला वाट नाही."

"मॅग्नसच्या बोटीवर काही अडकलं तर काय करायचा तो?"

"आधी शिव्या द्यायचा. मग थोडं तेल, थोडी ऊब, आणि सबुरी. पण तिथे रबर असलं तर साधं तेल नको म्हणायचा, रबर खराब होतं."

"सिलिकॉनचा फवारा आहे माझ्याकडे," डूगल म्हणाला. "रबराला चालतो. अडकणाऱ्या खिडक्यांना मारतो मी तो." हातोडा काखेत मारून तो घरी गेला आणि डबा घेऊन परत आला.

इझोबेलने गरम पाण्यात फडके बुडवून, पिळून माझ्या पितळी अंगाभोवती गुंडाळले. नेटाने पिनेच्या मुळाशी थोडासा फवारा मारला. मग इझोबेलने चमच्याच्या दांड्याने माझ्या कडेला हळूहळू टकटक केली, शिजलेल्या अंड्याचे कवच फोडतात तितक्याच हलक्या हाताने. आत साचलेल्या गाळाला बारीक तडा गेल्याचे मला जाणवले. नेटाने पक्कडीने पिन हलकेच चिमटीत धरली, ओढली नाही, फक्त केसभर उजवीकडे आणि केसभर डावीकडे फिरवली.

"हलतेय का?"

"नाही."

"पुन्हा फवारा मार."

"तू तुझं टकटक चालू ठेव."

काम करता करता, एकमेकींकडे न बघता, त्या बोलत होत्या.

"मला वाटलं तुला इथे करमत नाही," इझोबेल म्हणाली. "ट्रंक पण उघडली नाहीस."

"मला वाटलं मी तुला नको आहे."

"नको असतीस तर हे पडदे शिवले असते का मी? दिसतं तरी का मला आता सुईत दोरा ओवताना?"

नेटाने एकवार वर पाहिले. "पडदे फार वाईट आहेत गं, इझोबेल."

"माहितीये मला."

दोघी हसल्या. हसता हसता नेटाला खोकला आला, हात हलला, आणि त्याच वेळी माझी पिन किंचित वर सरकली. "थांब! ओढू नकोस आता!" इझोबेल ओरडली. नेटाने पक्कड बाजूला ठेवून चमच्याच्या पाठीने पिन खाली दाबली. ती आळसावल्यासारखी अर्धीच वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा फवारा मारला, पुन्हा दाबली. दर खेपेला ती थोडी जास्त वर येऊ लागली. शेवटी चमचा उचलताच ती सरळ उभी राहिली, स्वयंपाकघरातल्या माझ्या भावासारखी. बाजूला एक थेंबही पाणी आले नाही. डूगलने टॉवेल घडी घालून ठेवला. तो जरा हिरमुसला होता.

माझे डोके पाचावर ठेवूनच परत बसवले आणि कडी हाताने आवळली. इझोबेलने बॉयलर लावला. नळीत आधी सूं सूं झाले, मग पाणी माझ्यातून पुढे धावले. रेडिएटरचा वरचा भाग गारच राहिला, तेव्हा तिने छोट्या किल्लीने आत कोंडलेली हवा फुसकन बाहेर काढली. मग दोघी पलंगावर बसल्या आणि नुसत्या वाट बघत राहिल्या. थोड्या वेळाने नेटाने हात पुढे केला, रेडिएटरवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. तिचे डोळे भरून आले. इझोबेल उठून गार झालेला चहा ओतून द्यायला गेली आणि स्वयंपाकघरात तिने बराच वेळ लावला.

दुपारी नेटाने कोट काढून दारामागे टांगला. मग ट्रंक उघडली. मॅग्नसचा फोटो खिडकीच्या फळीवर आला. मैत्रिणीला तिने फोन करून कळवले, की खोली नको, पण उन्हाळ्यात भेटायला नक्की येईन. पडदे मात्र तिने राहू दिले नाहीत. ते माझ्या डोक्यावरून खाली पडत होते. पडद्यामागे ऊब कोंडली, की मला वाटते सगळी खोलीच तापली, आणि मी लवकर बंद होतो. तिने ते खिडकीच्या फळीपर्यंत कापले. कापलेल्या जांभळ्या कापडाचे काय केले, ते इझोबेलने विचारले नाही.

त्या आठवड्यात नेटाच्या डोक्यात काही आले आणि ती फवाऱ्याचा डबा परत द्यायच्या निमित्ताने डूगलकडे गेली. परत आल्यावर ती इझोबेलला सांगत होती. डूगलच्या झोपायच्या खोलीतला रेडिएटर बर्फासारखा गार होता. त्याची बायको गेली त्याच्या आधीपासूनच. तो कानटोपी घालून झोपायचा.

"इतकी वर्षं कुणाला बोलला का नाहीस, म्हटलं त्याला. तर म्हणतो, मला वाटायचं वय झालं म्हणून गार लागतं."

"चमचा कुठे ठेवलास?" इझोबेलने विचारले आणि ती जर्सीच्या बाह्या वर सारू लागली.

मित्रांनो, मी अजून या खोलीत आहे आणि माझे काम नीट चालले आहे. माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल, तर त्याला उन्हाळाभर बंद करून ठेवू नका, पूर्ण उघडा ठेवा. अधूनमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. त्याच्या अंगावर पडदा टाकू नका, त्याच्यापुढे कपाट लावू नका. अडकलाच, तर हातोडा आणू नका. हलक्या हाताने दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आणि घरात कुणी गार वाटते म्हणाले, तर त्याच्या खोलीत जाऊन आधी रेडिएटरला हात लावून बघा.